पाऊस भिजवा

मला हवा होता तो तराजू. बिडाचा, दोन पितळी पारड्यांचा, काटा जरा वाकलेला पण अजून जिवंत. कुणीतरी घर रिकामं करताना काढलेल्या सामानात तो होता आणि विकणाऱ्याची अट अशी, की घ्यायचं तर खोकं अख्खं उचला. त्यामुळे तराजूबरोबर घरी आली तीन झाकणं (भांडं एकाचंही नाही), गंजक्या स्क्रूंनी भरलेला एक डबा, आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हे.

'हे' म्हणजे काय, ते सांगता यायला मला तीन आठवडे लागले.

हातात घेतलं तर वजन दीड-दोन किलो सहज. पूर्ण बिडाचं. खाली टेबलाच्या कडेला अडकवायचा चाप, तो आवळायला फुलपाखरी मुठीचा स्क्रू. उजवीकडे हँडल, त्याला काळी पडलेली लाकडी मूठ. वर छोटंसं पसरट तोंड. आत एक दातेरी रूळ: करवतीसारखे दाते असलेल्या पातळ चकत्या, एकीला एक लागून, दाटीवाटीनं बसवलेल्या. त्या चकत्यांच्या फटींत घुसलेली लोखंडी फणी. मूळची कल्हई कोपऱ्याकोपऱ्यात चमकत होती, बाकी सगळा तपकिरी गंज.

घरातल्या प्रत्येकानं एका नजरेत निकाल दिला. नवरा म्हणाला, तंबाखू कापायचं. मुलगी म्हणाली, हे स्वयंपाकघरातलं नाहीच, कबुलीजबाब घ्यायचं साधन आहे. बोट घालून बघ. शेजारच्या काकूंनी चष्मा वर करून सांगितलं की हे कागदाच्या पट्ट्या करायचं यंत्र. माझं मत होतं, घेवड्याच्या शेंगा चिरायचं. मत नुसतं बाळगून भागेना म्हणून मी मूठभर शेंगा वरून घातल्या आणि हँडल फिरवलं. शेंगा चिरल्या गेल्या नाहीत, चघळल्या गेल्या. उरलेली संध्याकाळ फणीतून हिरवे दोरे उपसण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मी नाव शोधणं थांबवलं आणि वहीत नुसतं वर्णन लिहायला घेतलं. काय आहे ते, कशासाठी असेल ते नाही. हे आधीच करायला हवं होतं. 'शेंगा चिरायचं यंत्र' म्हटलं की डोळे शेंगांना सोयीचं तेवढंच बघतात. लिहायला बसल्यावर मात्र तीन गोष्टी दिसल्या, ज्या मी तोवर बघूनही बघितल्या नव्हत्या. पहिली, वरचं तोंड लहान होतं, तेव्हा आत जाणारी वस्तू छोटी असणार, बोराएवढी किंवा त्याहून बारीक. दुसरी, चाप चांगला दणकट होता, तेव्हा काम जोर लावून दाबण्याचं. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली: बाहेर पडायच्या वाटा दोन होत्या. एक पुढे, घसरगुंडीसारखी. दुसरी आत, रुळाच्या अलीकडे, खाली सरळ उघडणारी. दळायच्या यंत्राला एक वाट पुरते, कापायच्या यंत्रालाही. दोन वाटा म्हणजे हे यंत्र निवडत होतं. एक इकडे, दुसरं तिकडे.

काय निवडत होतं ते कळायला यंत्र साफ करणं भाग होतं. इथे माझ्या हातून घोळ झाला. दातेरी रुळाला खेटून गुळगुळीत लोखंडी दांडे होते आणि त्यांच्यावर काळा, कडक, भेगाळलेला थर चिकटला होता. जळकं तेल आणि वर्षानुवर्षांचा मळ असणार असं समजून मी बोथट सुरीनं तो खरवडून काढला. खरपुड्या टणाटण उडाल्या. दांडे स्वच्छ झाल्यावर मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं किती चुकीचं होतं ते पुढे येईलच. नशीब एवढंच, की खाली पसरलेल्या वर्तमानपत्रासकट सगळा चुरा मी पुडी बांधून ठेवला होता. टाकायचा कंटाळा, दुसरं काय.

तारेचा ब्रश मात्र लावला नाही. बिडावरची उठावाची अक्षरं गंजानं आधीच अर्धमेली असतात, तारेनं घासलं की उरलीसुरली जातात. रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं रात्रभर गुंडाळून ठेवलं आणि सकाळी जुन्या टूथब्रशनं हळूहळू घासलं. अंगावर ओळी उमटू लागल्या. मग खोलीतला दिवा मालवून टॉर्च अगदी कडेनं, जवळजवळ आडवा धरला. समोरून उजेड टाकला तर सगळं सपाट दिसतं. कडेनं टाकला की प्रत्येक अक्षराला सावली फुटते. वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवली, लहानपणी नाण्यांचे ठसे घ्यायचो तशी. एकाच ओळीचे सहा कागद घेतले, कारण प्रत्येक कागदावर वेगळं अक्षर स्पष्ट येत होतं.

पहिल्या ओळीत नाव आणि गाव: एंटरप्राइझ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, फिलाडेल्फिया. मला वाटलं सुटलं कोडं. कसलं सुटतंय! ही कंपनी म्हणजे स्वयंपाकघरातल्या बिडाच्या यंत्रांचं माहेरघर. कॉफीच्या चक्क्या, खिम्याची यंत्रं, सॉसेज भरायची यंत्रं, चेरीच्या बिया काढायची यंत्रं, सगळी टेबलाला चाप लावून हँडल मारायची. नाव मिळालं, पण यंत्र ओळखता येईना. आडनावावरून माणूस शोधायला जावं आणि गल्लीभर त्याच आडनावाची घरं निघावीत, तशातली गत. चेरीवर मी दोन दिवस रेंगाळले, कारण निवडण्याचं काम तिथे जुळत होतं. पण चेरीची बी वाटाण्याएवढी. माझ्या यंत्राच्या दोन चकत्यांमधल्या फटीत टूथपिक शिरत होती आणि आगपेटीची काडी अडत होती. चेरी या दातांखाली गेली असती तर तिचा चेंदामेंदा झाला असता.

दुसरी ओळ तारखांची होती. 'पॅट.', मग एप्रिल २, ऑगस्ट २०, आणि शेवटी नुसतेच ९५. अमेरिकेत पेटंट घेतलेल्या वस्तूवर पेटंटची तारीख घालायचा कायदा १८४२ साली झाला; १९२७ पासून तारखेऐवजी क्रमांक घालणं आलं. म्हणजे नुसती तारीख असलेला माल बहुधा त्याआधीचा. पण नवऱ्याला शंका. जुन्या वस्तूंच्या नकला होतात, ९५ म्हणजे १९९५ कशावरून नाही? मुद्दा बिनतोड होता. उत्तर कॅलेंडरनं दिलं. अमेरिकेचं पेटंट कार्यालय पेटंटं देतं ती मंगळवारी, हा त्यांचा दीडशे वर्षांहून जुना शिरस्ता. १८९५ साली २ एप्रिलला वार कोणता होता ते काढलं: मंगळवार. २० ऑगस्ट? तोही मंगळवार. १९९५ मध्ये मात्र दोन्ही दिवशी रविवार. नवऱ्यानं स्वतः मोजून पाहिलं, मग गप्प बसला. तीन आठवड्यांत इतका आनंद मला दुसऱ्या कशानंच झाला नाही. आणि वस्तू काय आहे हे तर अजूनही माहीत नव्हतं!

तारखेवरून पेटंट शोधायचा रस्ता उघडा होता, पण तो लांबचा. १८९५ साली अमेरिकेत वीस हजारांवर पेटंटं दिली गेली, म्हणजे एका मंगळवारी सरासरी चारशे. सायकली, कुलपं, घोड्याचे नाल, खाटा. त्या रांगेत 'हे' कोणत्या नावानं उभं असेल ते ठाऊक असल्याशिवाय शोधायचं कसं? तोवर तिसरी ओळ वाचून बघावी म्हटलं.

तिसरी ओळ ठळक होती, इतर दोन्हींपेक्षा मोठी. दोन शब्द एका झटक्यात वाचले: 'वेट द'. पुढचा शब्द मध्येच गंजानं खाल्लेला. आर, ए, आय, मग खड्डा, मग एन, एस. मी सगळी अक्षरं ओळीनं मांडली आणि मोठ्यानं वाचली. वेट द रेन्स. पाऊस भिजवा.

बिडाच्या यंत्रावर, ठळक अक्षरांत, पाऊस भिजवा.

घरात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मुलीला ती कविताच वाटली. नवऱ्याला एकदम साक्षात्कार झाला: रेन्स म्हणजे लगाम! घोड्याचा चामडी लगाम भिजवून या दात्यांखालून काढला की मऊ होत असणार. स्पेलिंग वेगळं आहे हे मी दाखवून दिलं. तो म्हणाला, त्या काळी चालायचं. आता हे लिहिताना हसू येतं, पण त्या रात्री मी घरातला एक जुना चामडी पट्टा घेऊन वरच्या तोंडात बसतो का ते खरंच पाहिलं. बसला नाही.

मग आत्याला फोन केला. माझी आत्या तीस वर्षं मुद्रितं तपासत होती, आता रोज सकाळी शब्दकोडं सोडवते, तेही पेननं.

"आत्या, एक इंग्रजी वाक्य आहे. ओतीव अक्षरं आहेत, मधली थोडी गेली आहेत."

"वाचू नकोस," ती म्हणाली. "अक्षरं सांग. आणि जिथे नाहीत तिथे किती जागा आहे ते सांग."

हे मी केलंच नव्हतं. पट्टी घेऊन आले. एकेक अक्षर साधारण चार मिलिमीटर. मधला खड्डा सात.

"म्हणजे दोन अक्षरं गेली. त्यातलं एक बारकं असणार, 'आय'सारखं. तू खड्डा मिटवून वाचलंस, म्हणून पाऊस पडला." पलीकडे पेनाचा आवाज आला. "एस, आय घालून बघ."

आर, ए, आय, एस, आय, एन, एस. रेझिन्स. मनुका भिजवून घ्या.

"मनुका?"

"दुसरं काही बसत नाही."

"पण मनुका भिजवून या दातांखाली कशाला घालायच्या? मनुकांमधून निवडायचं काय?"

"बिया."

"आत्या, मनुकांना बिया कुठे असतात?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग तिच्या ठेवणीतल्या आवाजात, चूक सापडल्यावर लागतो त्या आवाजात, ती म्हणाली, "मग बेदाण्याला बेदाणा का म्हणतात, सांग बरं."

मी फोन कानाला लावून तशीच उभी. बे-दाणा. बेइमान, बेफिकीर, बेरोजगार यांतला तोच फारसी 'बे'. दाणा नसलेला. जन्मभर हा शब्द वापरला, एकदाही फोडून पाहिला नव्हता. बी नसणं ही कधीकाळी एवढी सांगण्यासारखी गोष्ट होती की तेच त्याचं नाव पडलं. आणि मी यंत्र हातात धरून तीन आठवडे हे शोधत होते की ते काय करतं. जे काम कुणालाच करावं लागत नाही, ते सुचणार तरी कसं?

नाव कळल्यावर बाकीचं भराभर जुळत गेलं. एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या मनुका मोठ्या प्रमाणावर मस्कत जातीच्या द्राक्षांच्या असत: टपोऱ्या, गोड, चिकट, आणि आत बिया. द्राक्षात एक ते चार बिया निघू शकतात. केक आणि पुडिंगसाठी त्या काढायच्या म्हणजे बोटं पाण्यात बुडवून एकेक मनुका फाडत बसायचं. हे यंत्र त्यासाठी. इथे इंग्रजीनं मला आणखी एक टांग मारली. जुन्या पाककृतींत 'सीडेड रेझिन्स' भेटतात; मला वाटलं, बिया असलेल्या. उलट! बिया काढून टाकलेल्या. मुळात नसतील तर त्या 'सीडलेस'. एका शब्दाच्या शेपटावर सगळा अर्थ फिरतो, त्यामुळे वाचलेलं सगळं मला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागलं.

यंत्राचा धंदा कुणी बुडवला तेही त्या 'सीडलेस'मध्येच आहे. पश्चिम आशियातली एक जुनी बिनबियांची जात, किशमिश किंवा सुलताना म्हणून ओळखली जाणारी, विल्यम थॉम्पसन नावाच्या माणसानं १८७०च्या दशकात कॅलिफोर्नियात लावली. तिला त्याचंच नाव पडलं, थॉम्पसन सीडलेस. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिनं तिथल्या मनुकांचा बाजार व्यापला. १८९५ साली माझं यंत्र बाजारात येत होतं, तेव्हा त्याला निकामी करणारा वेल आधीच मांडवावर चढलेला होता.

आता त्या काळ्या खरपुड्या. दातेरी रूळ मनुका धरतो, पण त्याच्यावर तिला दाबतं कोण? गुळगुळीत दांड्यांचं काम काय? पुडी उघडली, एक खरपुडी चिमट्यात धरून पेटवली. टायर जळाल्याचा वास. रबर! तो मळ नव्हता, यंत्राचा जीव होता. बिडाला काही झालं नव्हतं, रबर मात्र सव्वाशे वर्षांत दगड होऊन फुटलं होतं, आणि जे उरलं होतं ते मी सुरीनं खरवडलं होतं. मऊ रबर मनुकेला दात्यांवर दाबणार, गर चकत्यांमधल्या फटींत घुसणार, फटीपेक्षा जाड असलेली बी वरच राहून बाजूला पडणार, आणि पुढे फणी फटींतला गर बाहेर काढणार. बी आतल्या वाटेनं, मनुका पुढच्या घसरगुंडीवरून. दोन वाटा.

एवढं कळल्यावर चालवून न बघता राहणं अशक्य होतं. खायचं नाही, हे आधीच ठरलं. जुन्या कल्हईत शिसं असू शकतं आणि माझ्या यंत्राची कल्हई तर पापुद्र्यांनी सुटत होती. नवऱ्यानं (लगाम प्रकरणाची भरपाई म्हणून असेल) दांड्यांच्या खिळा ठोकून काढल्या आणि सिलिकॉनच्या नळीचे तुकडे चढवले. पहिली नळी पातळ, मनुका अख्ख्याच्या अख्ख्या निघून गेल्या. दुसरी जाड, हँडल फिरेना. तिसरी बसली.

बियांच्या काळ्या मनुका आणल्या, वीस मोजून घेतल्या. सूचना वाचलेली असूनही पहिल्या पाच कोरड्याच घातल्या, कारण पाण्यानं होऊन होऊन काय फरक पडणार, असं मला वाटलं. त्यांचं डिंकासारखं काहीतरी झालं आणि ते नळीला, दात्यांना, फणीला एकदमच चिकटलं. अर्धा तास टूथपिक घेऊन बसावं लागलं. ती सूचना बिडात आणि सगळ्यात ठळक का ओतली होती, ते तेव्हा बोटांना कळलं. कागदी पत्रक हरवलं असतं. पुढच्या पाच गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या. त्यांचा लगदा झाला. उरलेल्या दहांसाठी आत्याला बोलावून घेतलं.

ती आली, आधी कागदावरचे ठसे बघितले, सहाच्या सहा. मग गंजलेल्या खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "एस आहे. लागतोय हाताला." मला लागला नाही.

या वेळी तीन मिनिटं भिजवल्या, फडक्यावर टिपल्या. चाप टेबलाला आवळला, खाली दोन बशा ठेवल्या. आत्या एकेक मनुका वरून सोडत होती, मी हँडल फिरवत होते. पहिली मनुका आत गेली, रबराखाली चपटी झाली, आणि एक बारीकसा 'टिक' आवाज आला. आतल्या बशीत बी. पाठोपाठ दुसरी. पुढच्या वाटेनं चपटी, दातांच्या रेघा पडलेली, पण एकसंध मनुका घसरत आली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काहीही न बोलता पुढची घातली.

दहांपैकी सात स्वच्छ निघाल्या. दोन फणीत अडकल्या. एकीत बी तशीच राहिली, आत्यानं ती चिमटीत दाबून खात्री केली. शेवटच्या मनुकेला मी हँडल जरा जोरात मारलं, तशी बी बशीत न पडता उडाली आणि थेट आत्याच्या चष्म्याच्या काचेवर जाऊन बसली. तिनं चष्मा काढला, बी नखानं सोडवून बशीत टाकली, आणि बशी पुढे ओढून पहिल्यापासून मोजायला घेतली.

"एकोणीस," ती म्हणाली. "अजून भिजव."